गजभिये साहेबांचा चालता कारखाना

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी गजभिये साहेबांनी आमच्या बॉसना, मिस लिमना, अडचणीत आणलं. आमचं ऑफिस सिंगापूरला, बुकित बातोकच्या औद्योगिक वसाहतीत, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. मिस लिम मला नवं सॉफ्टवेअर दाखवत होत्या. एक बटण दाबलं की कुठल्या देशात कारखाना काढणं किती फायद्याचं, याचे गुण पडद्यावर येत. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक सावळे, बुटके गृहस्थ उठले. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. पडद्याजवळ येऊन त्यांनी तो नीट पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "छान आहे. मोडलं तर कोण बघतं?"

"हे क्लाउडवर आहे, मिस्टर गज," मिस लिम म्हणाल्या. "क्लाउड मोडत नाही, ला." वाक्याच्या शेवटी असा 'ला' लावायची इथली सवय.

साहेबांनी मान डोलावली. मग माझं आडनाव ऐकलेलं असावं, कारण माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "आपल्याकडे तर ढगफुटी होते ना, बेटा?"

त्याच दुपारी सॉफ्टवेअर बंद पडलं. दुरुस्त करणारा माणूस तिसऱ्याच देशात होता आणि त्याची रजा होती. चार दिवस आम्ही देशांना हाताने गुण दिले.

आमचं काम थोडक्यात सांगायचं तर स्थळं जुळवण्याचं. परदेशी कंपन्यांना कारखाना काढायला जागा हवी असे, आणि काही सरकारांना परदेशी कंपन्या हव्या असत. सगळे कारखाने सरकारचेच असायचे ती जुनी घडी मोडून बाजाराच्या वाटेला लागलेले देश ही आमची खास गिऱ्हाइकं. मुलाकडचे आणि मुलीकडचे, दोघांचेही मध्यस्थ आम्हीच. वीज, बंदर, रस्ते, मजुरी, कर असे बेचाळीस रकाने होते. मी रकाने भरायची. साहेब प्रत्यक्ष जाऊन कारखाने बघायचे. ते इंजिनिअर नव्हते. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथे एका परदेशी कंपनीने भागीदारी केली, भलंमोठं यंत्र आलं, फीत कापली, पेढे वाटले. चौथ्या महिन्यात यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला माणूस परदेशातून यायचा होता. तो आठ महिन्यांनी आला. तोवर ऑर्डरी गेल्या होत्या, माणसं गेली होती. त्याला गेटवर पास द्यायलाही कुणी नव्हतं.

"तो गोरा बिचारा दिवसभर चहाच्या टपरीवर बसून राहिला," साहेब सांगत. "शेवटी मीच त्याला डझनभर संत्री घेऊन दिली. एवढ्या लांबून आला होता जी."

हे सांगताना ते हसत. पण त्या कारखान्यात त्यांची सोळा वर्षं गेली होती. 'मोडलं तर कोण बघतं?' हा प्रश्न तिथून त्यांच्या तोंडी बसला तो कायमचा. तो त्यांनी मंत्र्यांना विचारला, बँकवाल्यांना विचारला, कॉन्डोचा नमुना फ्लॅट दाखवणाऱ्या मुलीला विचारला. सेरंगूनला एका लग्नाच्या रिसेप्शनमध्ये नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन, अगदी कळवळ्याने, त्यालाही विचारला. सुमनताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना दंडाला धरून जेवणाच्या टेबलाकडे नेलं.

बेचाळीस रकान्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांची स्वतःची परीक्षा वेगळी होती. खिशात आठ मिलिमीटरचा एक साधा बोल्ट असायचा. नव्या शहरात उतरलं की तो दाखवून "असाच दुसरा हवा" एवढंच म्हणायचं आणि घड्याळ लावायचं. कारखाना बंद पडला तर किती वेळात उभा राहील, हे त्यांना त्यावरून कळे. एका राजधानीत अकरा दिवस लागले. आम्ही परत आल्यावर तो कुरिअरने आला, सोबत उद्योगमंत्र्यांच्या शुभेच्छांचं कार्ड.

ही परीक्षा हळूहळू फुटली. एका देशाच्या गुंतवणूक खात्याने आमच्या हॉटेलभोवतीच्या सगळ्या दुकानांत आठ मिलिमीटरचे बोल्ट भरून ठेवले. हार्डवेअरच्या दुकानात ते होतेच, पण बेकरीतही होते, फुलवालीकडेही होते. साहेब केस कापायला गेले तर सलूनमध्ये आरशापुढे कंगव्यांशेजारी बरणीभर बोल्ट. न्हाव्याने केसांना हात लावायच्या आधीच एक काढून दिला.

"पैकीच्या पैकी गुण द्यायचे का?" मी विचारलं.

"थांब ना," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून सात मिलिमीटरचा बोल्ट काढला. तो आकार सहसा कुणी वापरतच नाही. गुंतवणूक खात्याच्या अधिकाऱ्याचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली.

घरीही त्यांचा हाच खाक्या. बुद्धपौर्णिमेला बुकित बातोकच्या त्यांच्या फ्लॅटवर खीर खायला आम्ही पंधरावीस मराठी माणसं जमायचो. एका वर्षी पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं होतं. घर सेरंगूनला घ्यावं की क्लेमेंटीला, यावर दोघांचा वाद चालला होता. साहेबांना सल्ला विचारण्याची चूक त्यांनी केली. पुढचे तीन शनिवार साहेब स्टॉपवॉच घेऊन दोन्हीकडे हिंडले. लिफ्ट किती वेळात येते, तिथून एमआरटीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत किती पावलं, खाली खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये नाश्त्याला रांग किती, पंखा बिघडला तर दुरुस्तीवाला किती वेळात येतो, सगळं लिहून काढलं. मग नऊ पानी अहवाल दिला. 'प्रस्तावित प्रकल्प: संसार.' शेवटच्या पानावर निष्कर्ष होता: 'दोन्ही जागा योग्य आहेत. भागीदारांत एकवाक्यता नाही. सध्या गुंतवणूक करू नये.'

ते जोडपं वर्षभर त्यांच्याशी बोललं नाही. मग वेगळं झालं. त्यानंतर दोघंही, आपापल्या वेळी, साहेबांकडे खीर खायला येऊ लागली.

आता मुख्य गोष्ट. त्या देशाचं नाव मी सांगू शकत नाही, कारण न सांगण्याच्या कागदावर माझी सही आहे. डोंगराळ देश, समुद्र लांब, गाड्या जुन्या, माणसं अगत्यशील. पंप बनवणाऱ्या एका युरोपीय कंपनीला तिथे कारखाना काढायचा होता. त्यांचे मिस्टर ब्रांट, उंच आणि सदा झोपाळू, स्वतः पाहणीला आले होते. सोबत साहेब आणि मी. दिमतीला त्या देशाचे उपमंत्री. गृहस्थ इतके उत्साही की विमानतळावर त्यांनी मिस्टर ब्रांट समजून आधी दुसऱ्याच एका उंच माणसाला हार घातला.

तीन शहरांत तीन सरकारी कारखाने विकायला होते. सोमवारी पहिला, बुधवारी दुसरा, शुक्रवारी तिसरा. मधले दिवस प्रेक्षणीय स्थळांसाठी.

सोमवारचा कारखाना छान निघाला. जुनी पण चकचकीत यंत्रं, निळ्या टोप्या घातलेले चाळीसेक कामगार, कँटीनमध्ये बिटाचं सूप. मिस्टर ब्रांट उपमंत्र्यांची सादरीकरणं बघत होते, साहेब थेट लेथवर गेले. तिथे सोन्याचा दात असलेली, पन्नाशीची एक बाई उभी होती. नाव नीना. साहेबांनी सात मिलिमीटरचा बोल्ट काढून दाखवला. तिने तो बोटांत फिरवला, साहेबांकडे 'हे काय खूळ' अशा नजरेने पाहिलं, सळईचा एक तुकडा कापला आणि पंधरा मिनिटांत तसाच बोल्ट हातावर ठेवला. साहेब दिवसभर तो बोल्ट मला दाखवत राहिले.

मंगळवारी आम्हाला गालिच्यांचं संग्रहालय दाखवलं. आठ तास. एकूण गालिचे एकवीस होते.

बुधवारी दुसरं शहर, दुसरा कारखाना. इथे हिरव्या टोप्या. साहेब लेथजवळ गेले, सवयीने खिशात हात घातला, बोल्ट काढला. ते तोंड उघडायच्या आत हिरव्या टोपीतल्या बाईने स्वतःच्या खिशातून त्या बोल्टचा नट काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. तोंड मिटून हसू दाबायचा प्रयत्न ती करत होती, पण सोन्याचा दात दिसलाच.

साहेबांनी नट बोल्टवर चढवला. झकास बसला. मग त्यांनी वळून सगळ्या शेडवर नजर फिरवली. मला काहीच कळलं नव्हतं. मी कँटीनचे गुण भरत होते, आणि 'सूप सोमवारसारखंच' असं लिहीत होते.

गुरुवारी तिसऱ्या शहराचा सरळ रस्ता बंद आहे असं सांगून उपमंत्र्यांनी आम्हाला एका खाऱ्या तळ्याला वळसा घालून नेलं. दुपारी ताडपत्री घातलेल्या लॉऱ्यांचा एक ताफा आमच्या गाडीला मागे टाकून भरधाव पुढे गेला. शेवटच्या लॉरीच्या फाळक्यावर एक माणूस सुपाचं भलंमोठं पातेलं दोन्ही पायांत धरून बसला होता. उपमंत्री एकदम ओरडले, "डावीकडे बघा, आमचा सुप्रसिद्ध डोंगर!" आम्ही डावीकडे पाहिलं. छोटीशी टेकडी होती. तिच्यावर एक गाय होती. मिस्टर ब्रांट झोपलेले होते. साहेब मात्र उजवीकडेच बघत होते आणि पातेलंवाल्याला हात हलवत होते. त्यानेही हलवला.

शुक्रवारी नारिंगी टोप्या. या वेळी साहेबांनी बोल्ट काढलाच नाही. त्यांनी नीनाकडे डायल गेज मागितला. केसाच्या जाडीपेक्षाही बारीक फरक दाखवणारी ती सुईची तबकडी. लेथच्या पाट्यावर तो लावून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू सरकवला. सुई हलली म्हणजे यंत्र तिरकं. सुई हलली नाही. त्यांनी परत सरकवला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शेजारच्या खोक्यावर बसले.

दुभाषी उपमंत्र्यांसोबत पलीकडे होता. साहेबांनी नीनाला बोटाने विचारलं: किती वेळा? तिने तीन बोटं दाखवली. मग मोडक्या इंग्रजीत, हातवाऱ्यांनी ती बोलत राहिली. चालू असलेली यंत्रं देशात एवढीच उरली होती. तीन कारखाने दाखवायचे तर तीच तिन्हीकडे न्यायची. एकोणीस जणांनी सोडवायची, लादायची, उतरवायची, परत सरळ लावायची. बाकीचे टोप्या बदलून उभे राहायला. परदेशी कंपनी आली तर यंत्रं राहतील आणि माणसंही. नाही आली तर थंडीच्या आत सगळं भंगारात.

उजवा हात प्लास्टरमध्ये असलेला एक दांडगा माणूस डाव्या हाताने आमच्यासाठी चहा घेऊन आला. "याला काय झालं?" साहेबांनी खुणेने विचारलं. नीना हसली. नातीसाठी जर्दाळू काढायला झाडावर चढला होता, आणि पडला.

परतीच्या विमानात साहेबांनी मला सगळं सांगितलं. मी हबकले. "सर, ही सरळसरळ फसवणूक आहे!"

"आहेच ना. उपमंत्र्याची." त्यांनी खिशातून तो नट चढवलेला बोल्ट काढला. "पण बेटा, पाच दिवसांत तीनदा बिऱ्हाड मांडलं त्यांनी. आठ टनांचं यंत्र. आणि सुई हलली नाही. आमच्या हिंगण्याला असे एकोणीस जण असते तर..."

त्यांनी अहवाल मराठीत लिहिला, तो इंग्रजीत करणं माझं काम. पहिलं वाक्य होतं: 'या देशात तीन कारखाने नाहीत, एकच आहे, पण तो खरोखर चालतो.' याचं इंग्रजी करताना मी अर्धा दिवस घालवला. यंत्र चालतं आणि माणूस चालतो, या दोन्हींना एकच क्रियापद असणाऱ्या भाषेतच हे वाक्य जगू शकतं. पुढे तीन पानं त्या एकोणीस जणांची तारीफ होती.

मिस लिमनी ते वाचलं, दार लावलं आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. ते सरकारही आमचं गिऱ्हाईक होतं. देशाच्या स्पर्धाक्षमतेचा मोठा अभ्यास आम्ही त्यांच्यासाठी करणार होतो.

"मिस्टर गज, हे असं जाऊ शकत नाही. कॅनॉट, ला. तीन जागा, तीन तक्ते, तीन फोटो. मीटिंगमध्ये तुम्ही फक्त मान हलवायची." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमचा वर्क पास पुढच्या महिन्यात रिन्यूला आहे. मला तुम्ही हवे आहात. मला हे करायला लावू नका."

त्या वाईट नव्हत्या. आमच्यासारखे अकरा जण त्यांच्या भरवशावर या देशात राहत होते. ते पहिलं वाक्य आणि ती तीन पानं मी माझ्या हाताने काढून टाकली. हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर लोकांना मी वेगळंच काही केलं असं वाटत आलं आहे.

रविवारी मी साहेबांच्या घरी गेले. त्यांची मुलगी समीक्षा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होती. इथे राहून काम करण्याचा पास गेला तर बिऱ्हाड आवरायला थोडेच दिवस मिळणार. सुमनताई पोहे देता देता म्हणाल्या, "एवढं एक वर्ष गप्प राहिले तर काय बिघडतं हो? जन्मभर बोललेच ना?"

समीक्षा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पप्पा डाय-डाय मस्ट टेल, इज इट?" म्हणजे जीव गेला तरी सांगणारच का, असा तिचा प्रश्न.

"नाही सांगणार," साहेब म्हणाले. "शब्द देतो."

मीटिंगच्या दिवशी त्यांनी तोंडात आवळासुपारीचा मोठा तोबरा भरला होता. बोलावंसं वाटलं तरी बोलता येऊ नये म्हणून. मिस लिमनी त्यांच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

मिस्टर ब्रांट होते, हार घालणारे उपमंत्री खास विमानाने आले होते. मी एकेक तक्ता दाखवत गेले. शेवटच्या तक्त्यावर तिन्ही कारखान्यांचे समूहफोटो ओळीने लावलेले होते. मिस लिमनी सांगितलं तसेच: तीन जागा, तीन फोटो. ते एकमेकांशेजारी ठेवले की काय दिसेल, हा विचार, शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात आला नव्हता.

मिस्टर ब्रांट प्रथमच पूर्ण जागे झाले. "हा माणूस," ते उठून पडद्याजवळ गेले. "निळी टोपी. प्लास्टर. हा, हिरवी टोपी. प्लास्टर. आणि हा नारिंगी."

उपमंत्र्यांनी पाण्याचा घोट घेतला. "ही तीन वेगळी माणसं आहेत."

"तिघांचाही उजवा हात मोडलाय?"

"हो. आमच्याकडे... हात मोडण्याचं प्रमाण थोडं जास्त आहे."

"कारखान्यात?"

उपमंत्री क्षणभर अडकले. एकीकडे खोटेपणा, दुसरीकडे अपघात. त्यांनी अपघात निवडला. "हो, कारखान्यात. कामगार जरा निष्काळजी आहेत. पण तुमच्यासारखी शिस्तीची कंपनी आली की सुधारतील."

मिस्टर ब्रांटनी वहीत लिहून घेतलं. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यात सगळी सुपारी काढून ठेवली, रुमालाची नीट घडी घातली आणि उभे राहिले.

"निष्काळजी नाहीत जी ते," ते पहिल्या झटक्याला मराठीतच बोलले. मग इंग्रजीत: "सर, तो माणूस कारखान्यात पडला नाही. जर्दाळूच्या झाडावरून पडला. नातीसाठी. आणि तीन माणसं नाहीत, एकच आहे. त्या लोकांनी तीन वेळा कारखाना उभा केला आणि कुणाच्या नखालाही इजा झाली नाही. वाट्टेल ते लिहा तुमच्या वहीत, पण ते निष्काळजी आहेत असं लिहू नका."

मिस लिमनी डोळे मिटून घेतले.

मग साहेबांनी सगळं सांगितलं. किती टन, किती माणसं, सुई कशी हलली नाही. उपमंत्री मध्येच म्हणाले की हा त्यांच्या राष्ट्राचा अपमान आहे. साहेब म्हणाले, "नाही साहेब, मी तुमच्या राष्ट्राचं कौतुकच करून राहिलो. तुम्ही मध्ये मध्ये येऊन राहिले." मिस्टर ब्रांट वही बंद करून निघून गेले. उपमंत्र्यांनी जाताना मिस लिमना भेट म्हणून आणलेला छोटा गालिचा परत नेला.

आठवड्याभरात साहेबांची नोकरी गेली. मिस लिम स्वतः त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या आणि परत येऊन अर्धा तास बाथरूममध्ये होत्या. सुमनताईंनी खोकी बांधायला घेतली. मी मदतीला गेले तेव्हा समीक्षा बापाशी बोलत नव्हती, पण त्याची पुस्तकं तीच भरत होती, आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहीत होती. साहेब खोकी कशी रचावीत हे सांगायला आले, तर तिने त्यांना खोलीबाहेर घालवलं.

खोकी चिकटपट्टीने बंद झाल्यावर मिस्टर ब्रांटचा फोन आला. ते रागावून गेले नव्हते. मुख्य कचेरीशी बोलायला गेले होते. त्यांना त्या देशात कारखाना नको होता. पण त्यांच्या कंपनीचे अर्धा डझन कारखाने एका देशातून दुसऱ्या देशात हलवायचे होते, कारण स्वस्ताई दर दोनचार वर्षांनी सरकत असते. यंत्रं हलवताना दर वेळी काहीतरी मोडे, मग महिनोन्महिने उत्पादन बंद. त्यांना ते एकोणीस जण हवे होते. आणि त्यांच्यावर नजर ठेवायला, सिंगापूरला राहून, ज्याला सुई वाचता येते असा एक माणूस.

साहेबांनी मला हे फोनवर सांगितलं. आनंद झाला होता, पण पूर्ण नाही. "उरलेल्या एकवीस जणांचं काय, बेटा? टोप्या घालून उभे होते ते." त्यांच्यासाठी त्यांनी मिस्टर ब्रांटना तीन पत्रं लिहिली. इंग्रजी मीच केलं. सात जणांना काम मिळालं. चौदांना नाही. ते घरी गेले, आणि यंत्रं भंगारात. साहेबांच्या तोंडून मी त्यानंतर चौदा हा आकडा बरेचदा ऐकला. कशाच्याही मध्ये यायचा.

त्या देशाच्या सरकारने पुढल्या वर्षी एक रंगीत पुस्तिका काढली. 'आमची निर्यातक्षम कौशल्ये' या पानावर नीनाचा फोटो होता. खाली उपमंत्र्यांची सही होती. आता ते मंत्री झाले होते.

समीक्षाचं शिक्षण पुरं झालं, साहेब दौऱ्यावर जास्त राहू लागले, मीही नोकरी बदलली, आणि भेटी सुटल्या. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, क्लेमेंटीला माझ्या घराजवळच्या बसथांब्यावर उभी असताना. मागच्या गल्लीतलं एक जुनं वर्कशॉप बंद झालं होतं. सकाळी दहाचा सुमार. एक लांबलचक लॉरी गल्लीतून मुख्य रस्त्यावर वळत होती, आणि तिच्यावर ताडपत्रीने बांधलेलं काहीतरी प्रचंड होतं. तिच्यापुढे, पाठमोरे, गजभिये साहेब. मी हाक मारली. त्यांचं लक्ष चाकांकडे होतं.

कोपऱ्यावर रस्त्यात गटाराचं लोखंडी झाकण होतं. साहेबांनी दोन्ही हात वर करून लॉरी थांबवली. मागे गाड्यांची रांग लागली. एक टॅक्सी, शाळेची बस, मग माझीही बस. ते आधी उकिडवे बसले, झाकणावर थाप मारून पाहिली. समाधान झालं नसावं. मग इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी सरळ रस्त्यावर पालथे पडले आणि एक डोळा मिटून, गाल डांबराला लावून, चाक आणि झाकण यांच्यामधली रेषा बघू लागले. टॅक्सीवाला बाहेर येऊन काय झालं ते पाहू लागला आणि मग तोही वाकला. हॉर्न कुणीच वाजवला नाही.

बऱ्याच वेळाने साहेब उठले. शर्ट झटकला नाही. चाकापुढे जाऊन उभे राहिले, झाकणाच्या डाव्या अंगाला पायाने खूण केली, आणि ड्रायव्हरकडे बघून चार बोटं हळूहळू स्वतःकडे वळवली: ये.